मूळपुरुषाची नक्कल

अमेरिकेतील मनुष्यास आपल्या घराण्याचा पूर्वेतिहास शोधून काढावयाचा झाल्यास त्यास जे श्रम पडतात, ते आम्हां वऱ्हाडवासीयांच्या श्रमांशी ताडून पाहिले असता, त्या उद्योगास संशोधन म्हणावे, की सरकारात जमा असलेली आपलीच चीजवस्तू पावती दाखवून सोडवून आणणे म्हणावे, असा संभ्रम पडतो. १८५० सालच्या खानेसुमारीपासून तेथे घरातील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव, वय आणि जन्मस्थान लिहून ठेवलेले आहे (गुलामांच्या वाट्यास मात्र मालकाच्या नावाखाली नुसते वय, लिंग आणि वर्ण आले, इतक्या टापटिपीच्या दप्तरातही कोणाला नाव द्यावयाचे आणि कोणाला नाही हे आधी ठरलेले असते). १८६२ च्या कायद्याने ज्यास पश्चिमेकडील माळरानात एकशे साठ एकर जमीन मिळाली, त्याने पाच वर्षे तेथे राहून ती वहीत केल्याचा पुरावा सरकारात रुजू केलेला आहे. आणि त्या पुराव्याच्या मिसलीत शेजारच्या दोन साक्षीदारांनी घराची लांबी-रुंदी, विहीर, नांगरलेली जमीन, इतकेच काय, पण लावलेली झाडेही सांगून ठेवली आहेत. असा मूळपुरुष हरवू म्हटले तरी हरवणार कसा?

हे सर्व मला ठाऊक होण्याचे कारण असे की, आमच्या अकोल्याच्या काकांचे चिरंजीव नोकरीनिमित्त नेब्रास्कात राहतात, आणि सदर कायद्याखालची पहिली जमीन डॅनियल फ्रीमन नामक गृहस्थाने १ जानेवारी १८६३ रोजी त्याच मुलखात नोंदविलेली असल्याने, तेथील लोकांना पूर्वज हा विषय आपल्याकडच्या क्रिकेटइतका जिव्हाळ्याचा आहे. चिरंजीवांच्या शेजाऱ्याने आपल्या पणजोबाच्या बापाचा बैलगाडीपासून थडग्यापर्यंतचा वृत्तांत पुठ्ठाबांधणी करून छापविला, त्याची एक प्रत चिरंजीवांस भेट दिली आणि सहज, केवळ शिष्टाचार म्हणून, विचारले, की तुमचे पूर्वज त्या सुमारास काय करीत होते? चिरंजीवांनी तो प्रश्न रात्री दूरध्वनीवरून अकोल्यास पाठविला. काकांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, ‘आपले मूळपुरुष घोड्यावरून आले, एवढं कळव त्याले.’

मूळपुरुषाचे वाहन कोणते, याविषयी वऱ्हाडात दुमत नाही. अमरावतीपासून वाशीमपर्यंत कोणत्याही घरी बसा, चहा येण्यापूर्वी मूळपुरुष घोड्यावरून येतो. घोडा बहुधा पांढरा असतो. क्वचित अबलख असतो. काळा असल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही. स्वार कोकणातून, देशावरून अथवा थेट राजपुतान्यातून निघालेला असतो; तो रघूजी भोसल्यांच्या फौजेबरोबर तरी असतो किंवा निजामाच्या सुभेदाराशी भांडून तरी निघालेला असतो; वाटेत पूर्णेच्या काठी एका झाडाखाली त्याचा डोळा लागतो, नाग येऊन त्याच्या मस्तकावर फणा धरतो आणि हा देखावा नेमका गावच्या पाटलाच्या दृष्टीस पडतो. पुढे सनद मिळते. सनद पाहण्याची इच्छा व्यक्त केल्यास ती जळाल्याचे समजते, आणि ज्या आगीत ती जळाली ती आग पेंढाऱ्यांनी लावलेली असते. पेंढाऱ्यांच्या उपद्रवामुळे निजामाच्या अमदानीत अमरावतीस चांगला दगडी परकोट बांधण्यात आला, त्याच्या वेशी आजही शाबूत आहेत, मी स्वतः अंबागेटाच्या आत राहतो. तथापि त्या परकोटाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहिलेल्या घराण्यांच्याही सनदा पेंढाऱ्यांनीच जाळल्या, हे पाहून त्या लोकांच्या चिकाटीचे कौतुक वाटते.

आता इतिहास काय सांगतो? १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि ज्या काळ्या जमिनीकडे तोवर फारसे कोणी पाहत नव्हते तिच्याकडे लिव्हरपूलचे व्यापारी डोळे लावून बसले. आगगाडी भुसावळ सोडून अकोला, बडनेरा करीत १८६७ साली नागपुरास पोहोचली. खामगावास कापसाची जंगी बाजारपेठ भरू लागली आणि पुढे जलंबहून खास तिच्याकरिता फाटा टाकावा लागला. अमरावतीसही बडनेऱ्याहून फाटा आला. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण मुखोमुखी झालेली होतीच. आता कुऱ्हाड उचलावयास माणसे आली. मारवाडातून सावकार आले, कच्छातून व्यापारी आले, खानदेशातून मजूर आले, पुण्याकडून आणि कोकणातून ज्यांस मोडी वळणदार आणि इंग्रजी कामापुरते येत होते असे कारकून, मास्तर आणि वकील आले. रघुनाथ नरसिंह मुधोळकरांचे उदाहरण घ्या: आडनाव मुधोळचे, जन्म १८५७ चा धुळ्याचा, वकिली अमरावतीची, आणि १९१२ साली बांकीपूरच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद, म्हणजे एका माणसात चार प्रांत नांदले. फार काय, अमेरिकेतून निघालेले मिशनरीदेखील पश्चिमेकडे न जाता पूर्वेकडे आले आणि अकोल्यास ठाणे देऊन बसले.

तात्पर्य, नेब्रास्कातील त्या शेजाऱ्याचा पूर्वज ज्या वर्षांत बैलगाडी हाकीत पश्चिमेस चालला होता, त्याच वर्षांत, त्याच्याच देशातील युद्धाच्या प्रतापाने, हजारो लोक वऱ्हाडात येऊन उतरत होते. परंतु कोणत्याही कुलवृत्तांतात त्यांचा मागमूस नाही. आगगाडीचे तिसऱ्या वर्गाचे डबे वर्षानुवर्षे भरून येत होते, फलाटावर रिते होत होते, आणि तरीही वऱ्हाडातील एकाही घराण्याचा मूळपुरुष त्यांतून उतरल्याचे आढळत नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात जी माणसे डोक्यावर गाठोडे घेऊन पायी हिंडली, त्यांची तर वंशावळ लिहावयास मागे कोणी राहिले की नाही, हाच प्रश्न. शकुंतला म्हणून ओळखली जाणारी मूर्तिजापूरची अरुंद गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. तिची गती ज्यांनी अनुभवली आहे त्यांस असा संशय येणे साहजिक आहे, की तिने निघालेले काही मूळपुरुष अद्याप वाटेतच असावेत.

अमेरिकन मनुष्य याच्या अगदी उलट वागतो. आपला पूर्वज येताना किती कफल्लक होता, याचा त्याला अभिमान असतो. त्याच्याजवळ एक कुऱ्हाड, एक कढई आणि एक आजारी बायको एवढेच होते, हे तो पाहुण्यास हर्षाने सांगतो, आणि पूर्वज जितका दरिद्री तितका वंशज थोर असा तेथे हिशेब आहे. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून एकशे दोन उतारू गेले. त्यांचे वंशज म्हणवणारे आज इतके आहेत की तेवढ्यांस आरमार लागेल. पण त्यांपैकी कोणी आपला पूर्वज त्या जहाजाचा मालक होता असे म्हणत नाही. आपल्याकडे पानिपतावर ज्यांचे पूर्वज पडले ते सर्व सरदार होते. बुणगा एकही पडला नाही, असे वंशजांची साक्ष घेतल्यास सिद्ध होते.

काका मात्र नुसत्या घोड्यावर संतुष्ट राहणारे गृहस्थ नव्हेत. त्यांची उभी हयात सरकारी नोकरीत, तीही लेखाशाखेत, गेलेली. बिलाखेरीज खर्च आणि दाखल्याखेरीज विधान त्यांस मान्य होत नाही. घोडा खरा, परंतु त्यास कागद पाहिजे, अशा भूमिकेने त्यांनी शोधास आरंभ केला आणि अमरावतीतील चौकश्या माझ्याकडे सोपविल्या.

प्रथम त्यांनी यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ आणविला. हा ग्रंथ वऱ्हाडात सर्व घरी ज्या पद्धतीने वाचला जातो त्याच पद्धतीने काकांनी वाचला, म्हणजे प्रत्येक पानावर फक्त आपले आडनाव शोधीत. ते सापडले नाही. यावरून ग्रंथकाराच्या साधनांत काही त्रुटी राहून गेल्या असाव्यात, असे त्यांचे मत झाले.

मग नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची पाळी आली. येथे विनोद सोडून सांगतो, की या मंडळींच्या नामावळीच्या वह्या हे एक आश्चर्य आहे. यजमान कोणत्या गावचा, कोणाच्या क्रियेस आला, बरोबर कोण होते, हे पिढ्यान्‌पिढ्या टिपलेले, आणि पुष्कळदा त्याखाली यजमानाचा स्वहस्ते लेख. अडचण एवढीच, की यजमानांची वाटणी त्यांच्या मूळ गावावरून होते, आणि आमच्या आडनावातील गावाच्या नावाची गावे महाराष्ट्रात इतक्या जिल्ह्यांत आहेत, की काकांना आपले मूळ गाव कोणते हे सांगता येईना. मूळ गाव समजावे म्हणून आम्ही वही पाहावयास गेलो, आणि वही पाहावयाची तर मूळ गाव सांगा, असे उपाध्यायांचे म्हणणे. ते रास्तही होते. अखेरीस एका वहीत आमच्याच आडनावाचे एक कुटुंब निघाले. काका गहिवरले, दक्षिणा दिली, आणि चौथ्या पिढीस येता येता ते कुटुंब बडोद्यास जाऊन राहिले.

सरकारी दप्तराचा अनुभव निराळा. वऱ्हाडची खानेसुमारी १८६७ सालीच झाली आणि लोकसंख्या बावीस लाखांच्या घरात भरली; त्या बावीस लाखांत आमचे मूळपुरुष धरले गेले असतील वा नसतील, पण नावनिशीवार यादी कोठे आहे? आकड्यास नाव नाही. अमेरिकेतही १८९० च्या खानेसुमारीचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीपायी नष्ट झाले, हे मी काकांना सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. ‘पेंढारी तिकडेही पोचले म्हणायचे,’ ते म्हणाले.

राहता राहिले कोतवाल बुक. गावोगावी कोतवालाने खबर द्यावी आणि जन्म-मृत्यूची नोंद त्या वहीत व्हावी, अशी ती जुनी व्यवस्था. आज तिच्या नकलेवर लेकराबाळांचे प्रवेश आणि नोकऱ्या अवलंबून असल्याने दप्तरखान्यापुढे सकाळपासून माणसे उभी असतात. रांगेत जे संभाषण कानी पडते ते कोणत्याही समाजशास्त्रज्ञाने ऐकावे. काल-परवापर्यंत उदेपूरच्या राण्यापासून आपली शाखा फुटली असे लग्नाच्या बैठकीत सांगणारे गृहस्थ, पणजोबांच्या नावापुढे साधी शेती करणारी जात लिहिलेली निघावी म्हणून देवाला नवस बोलून तेथे उभे असतात. एकाच घरात दोन वंशावळी नांदतात, एक सोयरिकीसाठी आणि एक पडताळणीसाठी. आणि दोहोंतील मूळपुरुष एकमेकांस भेटणार नाहीत याची खबरदारी सुज्ञ मंडळी घेतात.

आम्हांस ज्या गावची वही मिळाली तिच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या आणि मधला मजकूर मोडीत होता. मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ सोबत होते. त्यांनी चष्मा पुशीत एक नोंद लावली: महादेव वल्द गणेश, मुलगा झाला. मुलग्याचे नाव लिहिण्याची पद्धत नसल्याने ते नव्हते. पुढच्या वहीत गणेश वल्द महादेव, मुलगा झाला. त्याच्या पुढच्या वहीत पुन्हा महादेव वल्द गणेश. नातवास आजोबाचे नाव ठेवण्याच्या आमच्या चालीमुळे शंभर वर्षांत घरात दोनच माणसे होऊन गेली आणि ती आळीपाळीने एकमेकांचा बाप झाली, असा निष्कर्ष त्या कागदांवरून निघत होता. आई कोणाचीच कोठे नव्हती. पाच पिढ्या केवळ पुरुषांपासून पुरुष होत आल्या, ही गोष्ट एवढ्या गांभीर्याने सरकारी कागदावर लिहिलेली पाहून आमच्या काकू म्हणाल्या, ‘मग आमाले आनलं कायले जी?’

तेथील चपराशी दयाळू होता. त्याने आमची धडपड बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, ‘साहेब, बुढा मेला, त्याले शंभर वर्सं झाली. आता सापडला तरी काय देनार हाये तो तुमाले?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. काकांपाशी होते, पण ते इंग्रजीत होते.

परतताना आम्ही शेगावास गजानन महाराजांचे दर्शन घेतले. वऱ्हाडातील ज्या आगंतुकापुढे आज लाखो लोक नतमस्तक होतात, तो २३ फेब्रुवारी १८७८ रोजी तेथे उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचताना दिसला, असे सांप्रदायिक सांगतात. कोठून आला, कोणाचा कोण, हे त्याने सांगितले नाही, आणि संशोधकांनी कितीही तर्क लढविले तरी भक्तांचे त्यावाचून काही अडले नाही. मी हे काकांच्या कानावर घातले. ते म्हणाले, ‘महाराजांची गोष्ट वेगळी. महाराजांले अमेरिकेत कोणी विचारलं नव्हतं.’

मध्यंतरी चिरंजीवांनी तिकडून एक काचेची नळी पाठविली. तीत थुंकून ती परत धाडल्यास पूर्वजांचा मुलूख समजतो, असे सोबतच्या पत्रकात होते. काकांनी नळी दिवाणखान्यात ठेवली आणि कोणास हात लावू दिला नाही. थुंकीवरून कूळ ओळखावयाचे झाल्यास आपल्याकडील कोणत्याही कचेरीच्या जिन्याच्या कोपऱ्यात अख्ख्या जिल्ह्याचा कुलवृत्तांत तांबड्या शाईने लिहिलेला आहे, तो वाचावयास यंत्राची गरज काय, असा त्यांचा सवाल होता. शेवटी त्यांनी नळीचा प्रयोग केला, आणि पूर्वज दक्षिण आशियातील असल्याचे उत्तर आले. ‘परगणा?’ काकांनी विचारले. परगणा लिहिलेला नव्हता.

आणि मग, ज्या कागदासाठी नाशिक झाले, तहसिली झाल्या, तो कागद काकांच्याच माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत, जुन्या पंचांगांखाली सापडला. कागद मोडी होता. मिती फसली सन १२७८ ची, म्हणजे १८६८-६९ ची होती. तो एका अर्जाचा मसुदा होता. अर्जदार आमचेच मूळपुरुष, यात शंका उरली नाही, कारण ते गणेश वल्द महादेवच होते. मजकूर असा, की अर्जदार इसम कापसाच्या वखारीत काट्यावर कारकुनीच्या उमेदवारीस अकोला मुक्कामी आगगाडीने आला. उतरण्याच्या घाईत त्याचा तांब्याचा तांब्या, वजन अदमासे दीड शेर, बुडास पोचा, डब्यात बाकाखाली राहिला. सबब पुढील ठाण्यावर तपास होऊन तो मिळाल्यास गरिबावर मेहेरबानी होईल. ‘गरिबावर’ हा शब्द मूळपुरुषांनी एकदा खोडून पुन्हा लिहिला होता.

कुटुंबाची सभा भरली. तीस माणसे जमली आणि तीन पक्ष पडले. पहिल्या पक्षाचे म्हणणे, कागद कोणा दुसऱ्याच गणेश महादेवाचा असावा. त्यांची आपल्यात उणीव नाही. दुसरा पक्ष आमच्या वकील आतेभावाचा. त्यांनी असा युक्तिवाद केला, की अर्जात आगगाडीने आल्याचे लिहिले आहे, घोडा नव्हता असे कोठे लिहिले आहे? घोडा मालडब्यातून आला असला पाहिजे, आणि त्याच्या बंदोबस्तातच तांब्या विसरला, हे उघड आहे. या विधानास टाळ्या पडल्या. तिसरा पक्ष म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यावरील आमच्या आत्याबाई एकट्या. कागद पुन्हा एकदा वाचून घेऊन त्या म्हणाल्या, ‘त्यायनं तो तांब्या आणलाच असंन. पोचा आलेला तांब्या आमच्या न्हानीत होता, बाप्पा. मी लहानपणी त्यानंच पानी घेत होती.’ तांब्याचे पुढे काय झाले, असे एकदम दहा जणांनी विचारले. तो आत्याबाईंनी एका दिवाळीत मोडीत देऊन त्यावर स्टीलचा डबा घेतला होता. मूळपुरुषाची एकमेव अस्सल निशाणी अशी घरातल्याच माणसाने निकालात काढलेली पाहून पेंढाऱ्यांविषयी माझ्या मनात थोडी सहानुभूती उत्पन्न झाली.

नेब्रास्कातल्या शेजाऱ्यास मात्र हा तांब्या अतिशय आवडला. पूर्वज रिकाम्या हाताने आला, एकच भांडे होते आणि तेही गाडीत राहिले, ही हकिकत त्याने दोनदा सांगावयास लावली, आणि आपल्या पणजोबाच्या बापाजवळ निदान कढई तरी होती, असे काहीसे खजील होऊन कबूल केले. काकांना हे कळले तेव्हा ते दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी निश्चय सांगितला: जे कागदावर आहे तेच लिहिले जाईल, आपण आगगाडीने आलो.

त्याच सुमारास, सुगी आटोपल्यावर नेमाप्रमाणे, घराण्याचे भाट आले. ओसरीवर सतरंजी घातली गेली, त्यांनी बस्त्यातून वही सोडली, डोळे मिटून चितोडगडापासून आरंभ केला, नर्मदा ओलांडली, बुऱ्हाणपूर मागे टाकले आणि पूर्णाकाठच्या झाडापर्यंत येऊन नागाचा फणा उभारण्याच्या बेतात असता काकांनी हात वर केला. हा भाग बदलावयाचा आहे, त्यांनी सांगितले, आणि पेटीतला कागद पुढे ठेवला. भाटांनी कागद उलटसुलट पाहिला, काकांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. नवी नोंद करावयाची तर बिदागी लागते, हे काकांस ठाऊक होते. त्यांनी किती द्यावी लागेल ते विचारले.

‘घोड्याचा मान वेगळा हाये जी,’ भाट वहीची दोरी आवळीत म्हणाले, ‘पालखीचा वेगळा, अन् हत्तीवर आनाचं असंन तर त्याचाबी ठरलेला हाये. आगगाडीचं काय घ्यावं, ते आमच्या बापानंबी सांगतलं नाही. आजवर कोनी मांगतलीच नाही.’